आईला विचारा, हिणवू नका



माझ्या खालाच्या मुलीला आम्ही सगळे आपा म्हणतो. दोन वर्षांपूर्वी तिला दुसरं बाळ झालं. वजन पावणेतीन किलो, रंग छान, रडणं खणखणीत. अब्बांनी बाळाच्या कानात अजान दिली, मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभा राहून पेढे वाटले आणि रात्रीच्या गाडीने पुण्याला परतलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खालाचा फोन आला. बाळ रडायचं थांबतच नाही, रडणंही वेगळंच, किंचाळल्यासारखं. हातपाय थरथरतात. दुधासाठी धडपडतं, पण दोन घोट घेऊन सोडून देतं. सारखं शिंकतं.

डॉक्टरांनी जे तपासायला हवं ते सगळं तपासलं. रक्तातली साखर ठीक होती, कॅल्शियम ठीक होतं, जंतुसंसर्गाच्या तपासण्या पाठवल्या. आपाच्या केसपेपरवर ‘व्यसन : नाही’ असं छापलेलं होतं. तरीही बालरोगतज्ज्ञांनी सगळ्यांसमोर विचारलं, “आई काही नशा वगैरे करते का?” आपाच्या सासूबाई खवळल्या. “आमचं घर नमाजी आहे डॉक्टरसाहेब. आमच्याकडे कुणी बिडीलाही हात लावत नाही.” विषय तिथेच मिटला. सासूबाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांना ठाऊक होतं तेच त्या सांगत होत्या.

रात्री सगळे जेवायला गेले तेव्हा रात्रपाळीची सिस्टर आपाच्या उशाशी येऊन बसली. तिने विचारलं, “ताई, दुखण्यावर एखादी गोळी चालू होती का? कंबरेसाठी, डोक्यासाठी?” आपा लगेच म्हणाली, “हो, कंबरेची. पहिल्या सिझेरियननंतर सुरू केली. आधी एक पुरायची, आता दिवसाला चार लागतात.” तिने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. त्यावर लिहिलं होतं, ट्रॅमाडॉल.

ट्रॅमाडॉल हे ओपिऑइड आहे. अफूपासून मिळणारं मॉर्फीन आणि कोडीन, मॉर्फीनपासून बनणारं हेरॉइन, कारखान्यात तयार होणारं ट्रॅमाडॉल किंवा फेंटानिल हे सगळं एकाच कुटुंबातलं. एक गल्लीच्या टोकाला पुडीतून विकलं जातं आणि दुसरं औषधाच्या दुकानात चकचकीत पट्टीतून, म्हणून आपल्याला ते वेगळं वाटतं. गर्भातल्या बाळाच्या शरीराला हा फरक कळत नाही.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. लहान नर्सिंग होममधल्या रुग्णांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर बनवणं हे माझं काम. आपाचं हॉस्पिटल आमचं सॉफ्टवेअर वापरत नव्हतं, पण कामावर परतल्यावर मी पहिल्यांदा आमचाच दाखल-फॉर्म उघडला. ‘व्यसन’ नावाचा एक रकाना, आत ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन पर्याय, आणि त्यातलं ‘नाही’ आधीपासूनच निवडलेलं. कुणी काहीच विचारलं नाही तरी कागदावर ‘नाही’ छापून येणार. तो कोड मीच लिहिला होता. त्या दिवसापासून या विषयावर जे वाचत गेलो, ते आज तुमच्यासमोर ठेवतो आहे.

बाळाच्या शरीरात काय होतं?

आईने घेतलेलं ओपिऑइड वारेतून गर्भापर्यंत पोहोचतं. ते आठवडेच्या आठवडे मिळत राहिलं की गर्भाच्या मेंदूला आणि मज्जासंस्थेला त्याची सवय होते. जन्मानंतर नाळ कापली जाते आणि तो पुरवठा एका क्षणात बंद होतो. सवय झालेलं शरीर मग उलट्या टोकाला जातं. थरथर, ताठरलेले स्नायू, कर्कश रडणं, झोप न लागणं, जांभया, शिंका, घाम, ताप, उलट्या, पातळ शौच, वजन घटणं आणि काही थोड्या बाळांमध्ये झटके. डॉक्टर याला निओनेटल ॲब्स्टिनन्स सिंड्रोम म्हणतात.

यात वेळेचं गणित महत्त्वाचं आहे. हेरॉइनसारख्या लवकर उतरणाऱ्या पदार्थानंतर ही लक्षणं बहुतेकदा पहिल्या २४ तासांत दिसतात. मेथाडोननंतर साधारण एक ते तीन दिवसांत, तर ब्युप्रेनॉर्फिननंतर कधी त्याहूनही उशिरा. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की गर्भात ओपिऑइड मिळालेल्या बाळाला जन्मानंतर किमान ४ ते ७ दिवस हॉस्पिटलात देखरेखीखाली ठेवावं. आपल्याकडे नॉर्मल बाळंतपण झालं की एक-दोन दिवसांत घरी सोडतात. मग लक्षणं घरी सुरू होतात. कुणी म्हणतं पोटात दुखतंय, कुणी ग्राइपवॉटर आणतं, कुणी नजर उतरवतं. बाळाचं वजन मात्र रोज उतरत जातं.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. असं बाळ ‘व्यसनी’ नसतं. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही पुन्हा पुन्हा त्या पदार्थाकडे ओढलं जाणं, आणि दोन दिवसांचं बाळ कशाच्याही मागे धावत नाही. त्याच्या शरीराला सवय झालेली असते, एवढंच. ती मोडता येते. वेळेवर ओळखलं तर ही अवस्था उपचारांनी बरी होते. ‘नशेडी बाईचं पोर’ हा शिक्का मात्र मोहल्ल्यात वर्षानुवर्षं पुसला जात नाही.

याचा अर्थ धोका नाही असं नाही. अशी बाळं वेळेआधी जन्मण्याची आणि कमी वजनाची असण्याची शक्यता जास्त असते. पुढे डोळ्यांचा तिरळेपणा किंवा वाढीतला उशीर दिसू शकतो, म्हणून वर्ष-दोन वर्षं नियमित तपासणी हवी. आई सुईने नशा करत असेल तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी यांची तपासणी लागतेच. हिपॅटायटिस बीची लस प्रत्येक बाळाला जन्मापासून २४ तासांच्या आत मिळायला हवी. अशा आईच्या बाळाच्या बाबतीत तर एक दिवसाचाही उशीर नको.

डॉक्टरांना खरं का कळायला हवं?

“कळलं काय, न कळलं काय, बाळ तर झालंच,” असं नंतर एक नातेवाईक मला म्हणाले. त्यांच्यासाठी दोन उदाहरणं. जन्मलेलं बाळ नीट श्वास घेत नसेल आणि त्याला ओपिऑइडचा परिणाम उलटवणारं नॅलोक्सोन दिलं, तर ओपिऑइडची सवय असलेल्या बाळाला अचानक तीव्र लक्षणं आणि झटकेही येऊ शकतात. दुसरं उदाहरण आईचं. कळा सुरू असताना वेदना कमी करायला पेंटाझोसिनसारखं इंजेक्शन दिलं आणि तिच्या शरीराला आधीच ओपिऑइडची सवय असली, तर तिलाच विड्रॉअल सुरू होऊ शकतं. डॉक्टर हुशार असून भागत नाही. त्यांच्यासमोरचा कागद खरा असावा लागतो.

मोजमापाकडून मांडीकडे

या आजारावरच्या उपचारांची गोष्ट माझ्यासारख्या इंजिनिअरला फार शिकवून गेली. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात डॉ. लॉरेटा फिनेगन यांनी अशा बाळांसाठी गुणांकनाची पद्धत तयार केली. किती रडतं, किती थरथरतं, किती शिंकतं, सगळ्याला गुण. दर तीन-चार तासांनी बेरीज करायची आणि ती ठरावीक आकड्यापुढे जात राहिली की मॉर्फीनचे थेंब सुरू करायचे. आधी सगळं अंदाजावर चालत होतं, त्यामुळे ही मोठीच सुधारणा होती. जगभर तीच पद्धत रुळली.

पण तिचा एक परिणाम झाला. बाळ आईपासून दूर, उजेड आणि आवाजाने भरलेल्या एनआयसीयूत, आणि गुण मोजायला कधी कधी झोपलेल्या बाळालाही हलवायचं. सर्व्हरवर नजर ठेवणारी यंत्रणाच सर्व्हरवर ताण आणू लागली तर जे होईल, तेच.

मग येल विद्यापीठाच्या मुलांच्या हॉस्पिटलात डॉ. मॅथ्यू ग्रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न बदलले. बाळ पुरेसं दूध पितं का? सलग तासभर झोपतं का? रडायला लागलं तर दहा मिनिटांत शांत होतं का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर शिंका मोजत बसायचं नाही. उत्तर ‘नाही’ असेल तर आधी आईला जवळ आणायचं, अंधार आणि शांतता करायची, बाळाला दुपट्यात गुंडाळायचं, उघड्या छातीशी धरायचं, थोडं थोडं वरचेवर पाजायचं. एवढं करूनही जमलं नाही तर औषध.

२०१७ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. बाळांचा हॉस्पिटलातला सरासरी मुक्काम २२.४ दिवसांवरून ५.९ दिवसांवर आला होता. आई मेथाडोनवर असलेल्या बाळांपैकी मॉर्फीन द्यावं लागणाऱ्यांचं प्रमाण ९८ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आलं होतं. एका हॉस्पिटलात जमलं ते सगळीकडे जमेल का, ही शंका रास्त होती. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या २६ हॉस्पिटलांमधल्या १३०५ बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या पद्धतीत बाळं घरी जायला तयार व्हायला सरासरी १४.९ दिवस लागत, नव्या पद्धतीत ८.२ दिवस. औषध लागणाऱ्या बाळांचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून १९.५ टक्क्यांवर आलं.

म्हणजे या बाळांसाठीचं पहिलं औषध आईची मांडी आहे. आपल्या आज्यांना हे सांगायला कुठल्या संशोधनाची गरज पडली नसती. पण आईला खोलीबाहेर उभं करून हिणवलं, तर ते औषध आपणच बाळापासून काढून घेतो.

“आजपासून बंद” म्हणू नका

घरात कळलं की पहिलं वाक्य येतं, “आत्ताच्या आत्ता सोड.” गरोदर बाईच्या बाबतीत हे वाक्य धोक्याचं आहे. दीर्घकाळ चालू असलेलं ओपिऑइड अचानक थांबवलं की आईला विड्रॉअल होतं आणि त्याचा ताण गर्भावरही येतो. शिवाय असं सोडलेलं बहुतेकदा पुन्हा सुरू होतं. मधल्या काळात शरीराची सवय कमी झालेली असते आणि जुनाच डोस जीवघेणा ठरू शकतो.

ओपिऑइडचं व्यसन असलेल्या गरोदर स्त्रियांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की एकदम सोडवण्यापेक्षा डॉक्टरांच्या देखरेखीखाली मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन नियमित द्यावं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७५ गरोदर स्त्रियांमध्ये या दोन औषधांची तुलना केली होती. ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या मातांच्या बाळांना मॉर्फीन ८९ टक्के कमी लागलं आणि त्यांचा हॉस्पिटलातला मुक्काम ४३ टक्के कमी होता. “एका नशेऐवजी दुसरी नशा” असं हिणवून आपण याकडे पाहतो. पण मोजून, ठरल्या वेळी घेतलेलं औषध आईला तपासणीच्या रांगेत आणतं, तिचं खाणं-झोपणं सावरतं आणि सुईपासून दूर ठेवतं. या उपचारावर स्थिर असलेल्या आईला, दुसरी काही अडचण नसेल तर, अंगावर पाजायला सांगितलं जातं. त्याने बाळाची लक्षणंही सौम्य होतात.

कोडीन आणि ट्रॅमाडॉलचं तसं नाही. ही औषधं घेत असताना अंगावर पाजू नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला. कोणी कधी पाजावं हे घरच्यांनी ठरवू नये, डॉक्टरांनी ठरवावं. आपाच्या गोळ्या डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने कमी केल्या. तोवर बाळाला वरचं दूध वाटी-चमच्याने दिलं, पण ते पाजलं आपाच्याच मांडीवर. तिला बाळापासून एक दिवसही दूर ठेवलं नाही. सातव्या दिवशी अकीका ठरला होता, त्या दिवशी बाळ हॉस्पिटलातच होतं. तो चौदाव्या दिवशी झाला.

आणखी एक, म्हणजे घबराट नको. बाळंतपणात किंवा ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिलेली एक-दोन दिवसांची औषधं म्हणजे हा आजार नव्हे. प्रश्न रोज, महिनोन्‌महिने चालणाऱ्या गोळीचा आणि बाटलीचा आहे.

शिक्षेने काय होतं?

अमेरिकेत १९९९ ते २०१४ या काळात बाळंतपणाच्या वेळी ओपिऑइडचं व्यसन असलेल्या स्त्रियांचं प्रमाण दर हजारी १.५ वरून ६.५ वर गेलं. घाबरलेल्या टेनेसी राज्याने २०१४ मध्ये कायदा केला. गरोदरपणात अमली पदार्थ घेतले आणि त्याचा बाळाला त्रास झाला तर आईवर थेट गुन्हा. हेतू बाळ वाचवण्याचा होता. पण अटकेच्या भीतीने बायका तपासणीलाच टाळू लागल्या. कुणी उशिरा आल्या, कुणी राज्याबाहेर जाऊन बाळंत झाल्या. २०१६ मध्ये त्या कायद्याची मुदत संपली आणि राज्याने ती वाढवली नाही.

आपला कायदा याबाबतीत जास्त शहाणा आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९८५च्या एनडीपीएस कायद्यातलं कलम ६४-अ सांगतं की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेली व्यसनग्रस्त व्यक्ती सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी स्वतःहून उपचार घेत असेल, तर तिच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. म्हणजे कायद्याने दार उघडं ठेवलं आहे. ते बंद करतो तो आपला मोहल्ला.

भिवंडी, मालेगाव, मुंब्रा. कोडीनच्या कफ सिरपचे साठे पकडल्याच्या बातम्या आपण किती वर्षं वाचतो आहोत? मालेगावच्या ‘कुत्ता गोळी’ची चर्चा तर राज्यभर झाली. ती अल्प्राझोलम, म्हणजे ओपिऑइड नव्हे. पण ओपिऑइडच्या जोडीने घेतली तर बाळाचा त्रास वाढतो. या बातम्यांच्या फोटोंत नेहमी पुरुष असतात. बाटली घरात आली की ती कपाटात कोण ठेवतं, नवऱ्याने ‘खोकल्याचं आहे’ म्हणून कुणाला दिली, शिलाई मशीनवर दहा तास वाकून काम करणारी बाई कंबरदुखीवर काय गिळते, हे कुणी विचारत नाही. कोडीन आणि ट्रॅमाडॉल दोन्ही शेड्यूल एच-वनमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. ट्रॅमाडॉल तर २०१८ पासून एनडीपीएसखाली आहे. तरी आपाला ती गोळी वर्षभर नाव सांगून मिळत होती.

‘हराम आहे’ असं सांगितलं की आपलं काम संपलं, असं आपल्याला वाटतं. ते सांगणं सोपं आहे. पण त्या शब्दाच्या धाकाने गप्प बसलेली आई डॉक्टरांसमोरही गप्प बसते, आणि तिच्या गप्प बसण्याची किंमत बाळ मोजतं. ज्या दीनने गरोदर बाईला रमजानच्या रोजातही सवलत दिली, त्याचं नाव घेऊन आपण तिला उपचारांपासून दूर लोटायचं, हे मला पटत नाही.

आपण काय करू शकतो?

घरात कुणी गरोदर असेल तर तिच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि बाटल्या एका पिशवीत घालून पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर ठेवा. नावं आपल्याला कळली नाहीत तरी चालेल, डॉक्टरांना कळतील. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका.

तिला डॉक्टरांशी एकटीने बोलायला पाच मिनिटं द्या. सासू, नवरा, भाऊ, सगळे बाहेर. आपा जे बोलली ते खोली रिकामी झाल्यावरच बोलली.

उपचाराची माहिती हवी असेल तर १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे आणि मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही मोफत आहेत. सुईने नशा करणाऱ्यांसाठी नॅकोच्या ओएसटी केंद्रांतून औषधोपचार मिळतात. आशाताईंनाही हे नंबर द्या.

तुमच्यातलं कुणी औषधाच्या दुकानात बसत असेल, तर चिठ्ठीशिवाय आलेल्या त्या बाईला ‘नाही’ म्हणा आणि त्याच दमात डॉक्टरचा पत्ता द्या. नुसतं ‘नाही’ म्हटलं तर ती पुढच्या दुकानात जाईल.

मी माझ्या वाट्याचं काम केलं. ‘व्यसन’ हा रकाना काढला. त्याजागी आता प्रश्न आहे : ‘दुखणं, झोप किंवा खोकला यासाठी कोणतं औषध घेता? किती दिवसांपासून?’ आधीपासून निवडलेलं उत्तर नाही. कुणी विचारलंच नसेल तर ‘विचारलेलं नाही’ असं नोंदवावं लागतं, त्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. डेमोच्या वेळी एका डॉक्टरांनी तक्रार केली की यात अर्धा मिनिट जास्त जातो. मी म्हटलं, हो, जातो.

आपाचं बाळ आता दोन वर्षांचं आहे. तपासणीला जातं, धावतं, पडतं, माझा चष्मा ओढतं. आपाची कंबर अजून दुखते. ती फिजिओथेरपीला जाते आणि शिलाईचं काम थोडं कमी केलं आहे. खानदानात मात्र अजूनही कुणी त्या दिवसांबद्दल मोठ्याने बोलत नाही. हा लेख लिहायचा ठरवला तेव्हा मी आपाची परवानगी मागितली. ती म्हणाली, “लिही. पण त्या सिस्टरने कसं विचारलं होतं, ते नक्की लिही.”